जळबांनी पारखलेलं कार्ड

जळबा खंदारे आणि ग्राफिक्स कार्ड यांची पहिली भेट झाली, तेव्हा हिंगोलीतली रहदारी थांबली, तारेवरची पाखरं उडाली आणि दुकानदार दिपकने चहा दोनदा सांगितला. निदान जळबा तरी गावात तसंच सांगतात. जवळा बाजार या गावच्या बैलबाजारात तीस वर्षं बैल पारखणारा हा माणूस लेक करुणासोबत कॉम्प्युटरच्या दुकानात आला होता. रविवारी तिची गेमिंगच्या संघासाठी निवड चाचणी होती आणि घरचा कॉम्प्युटर गेममधल्या ऐन लढाईत अडखळायचा, म्हणून चित्रं झरझर दाखवणारं हे कार्ड हवं होतं.

दिपकने तीन पंख्यांचं भलंमोठं कार्ड पुढे ठेवलं. करुणाचे डोळे लकाकले. जळबांनी ते हातावर तोललं, मागून-पुढून पाहिलं आणि त्याच्या पाठीवर थाप मारली.

"मामा, बैल न्हाई हो ते!" दिपक हसला.

"व्हय, दिसून राहिलं. पण खातं किती?"

"बाबा, काय इचारून राहिले तुमी!" करुणा लाजली.

दिपकचं हसू मात्र थांबलं. "बराबर इचारलं मामांनी. करुणा, तुझा पॉवर सप्लाय केवढा हाय?"

"साडेचारशे वॅटचा."

"मंग न्हाई पुरायचा. याला करंट लई लागतो. खेळता खेळता कॉम्प्युटर बंद पडंल."

"तर मंग आपल्या दावणीला झेपंल असं दाखव," जळबा म्हणाले.

एका पंख्याचं आटोपशीर कार्ड घरी आलं आणि गेम सुरळीत धावू लागला. पोरगी संघात गेलीच समजा, असं जळबा गावभर सांगत सुटले.

रविवारी कॉम्प्युटर एकदाही अडखळला नाही. करुणा दुसऱ्या फेरीत हरली.