वाळूतली उपासमार

वलगावला आमच्या शेतात विहिरीजवळ लाल गराच्या पेरूचं एकच झाड होतं. बाबांचं ते भारी लाडकं, माझ्याहून काकणभर जास्तच. त्याला मर रोग लागला आणि एकेक फांदी सुकत चालली. बी पेरून तसाच पेरू येईल याचा भरवसा नव्हता; फांदीच्या काडीलाच मुळ्या फुटायला हव्या होत्या. मी तेव्हा अकोल्याला शेतकी कॉलेजात शिकत होतो, म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं.

मुळ्या फुटायची पावडर आणून कोवळ्या काड्यांना लावली, धुतलेल्या वाळूत त्या खोचल्या आणि वर काचेच्या बरण्या पालथ्या घातल्या. काळ्या मातीत पाणी साचून काडी कुजते, हे बाबांना घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं. पण बाबा पडले काळ्या कसदार रानाचे धनी! पुढच्या सुट्टीत पाहतो तर वाळूत शेणखत कालवलेलं आणि काड्या कुजलेल्या.

"बाबा, काहून केलं असं?"

"उपाशी मारून राहिला तू त्याईले. वाळूत काय हाय खायाले?"

माझं डोकंच फिरलं. मुळ्याच नाहीत, तर खाणार कशानं? पण बाबांना सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

मग शेवटच्या हिरव्या फांदीच्या काड्या मी होस्टेलवर नेल्या. एक सोडून सगळ्या गेल्या. त्या एकीला पांढऱ्या मुळ्या फुटल्या, तेव्हा मी खोलीत चक्क नाचलो. तोवर घरचं झाड पार वाळलं होतं.

बातमी कळताच बाबा अकोल्याला हजर. मी वर्गातून परतलो, तर काडी कुंडीत, कुंडी काळ्याभोर मातीनं भरलेली आणि बाबा रिकामी पिशवी झटकत बसलेले.

"आता जेवू दे त्याले पोटभर. त्याच्या मायच्या बुडाची माती आनली."

मर रोग त्याच मातीतून लागतो! मी ओरडलो, काडी उपटली, मुळ्या धुतल्या आणि पुन्हा वाळूत लावली. बाबा न जेवताच बडनेऱ्याच्या गाडीला गेले.

काडी एकेक पान टाकत वाळली. दोष मातीचा, की माझ्या उपटण्याचा, कोण जाणे. घरी सांगितलं तेव्हा बाबांचे डोळे भरले.

"शेवटपर्यंत उपाशीच ठेवलं ना तू त्याले," ते म्हणाले.