आई नाही म्हणते

परक्या देशात शिवणबाईची बारा वर्षं लोकांच्या पँटा आखूड करण्यात गेली, पण तिथली भाषा काही जिभेवर बसली नाही. दुकानात गिऱ्हाईक बोलायचं, लेक ते मराठीत सांगायची आणि बाई टाचण्या लावायची. एकदा एकाने कोट टेबलावर आदळला, तरी लेक म्हणाली, "छान झालाय म्हणतात." छान! मग नाक का मुरडत होता मेला? त्या दिवसापासून बाईच्या मनात पाल चुकचुकली.

पुढे शाळेत पालकांना बोलावलं. मास्तरीणबाई चांगली पाच मिनिटं बोलल्या, एक कागदही पुढे सरकवला. लेक म्हणाली, "अभ्यास ठीक आहे म्हणतात." एवढंच? पाच वार कापडातून हा एवढासा रुमाल? मग लेकच मास्तरीणबाईंना काहीबाही सांगत बसली, कागद परत केला. मास्तरीणबाईंनी शिवणबाईकडे पाहिलं ते असं, की हिने जणू कुणाचा गळाच कापलाय.

पोरगी नापास झाली असणार. नाहीतर काहीतरी लफडं. पण बाईही कच्च्या गुरूची चेली नव्हती. मांडीवरच्या पर्समध्ये मोबाइल सगळं रेकॉर्ड करत होता. पोटच्या पोरीवर पाळत ठेवायची, याची तिला लाज वाटली. तरी दुसऱ्या दिवशी, लेक शाळेत असताना, तिने ते खालच्या मजल्यावरच्या नर्सताईला ऐकवलं. नर्सताई मराठीच, पण तीस वर्षं तिथे मुरलेली.

"अगं, पोरगी पहिली आलीय! दुसऱ्या शहरातल्या मोठ्या शाळेने निवडलीय तिला, राहणं-खाणं फुकट. शुक्रवारपर्यंत तुझी सही हवी."

"आणि आमची काय म्हणाली?"

नर्सताईने तेवढा भाग पुन्हा लावला. "म्हणाली, आई नाही म्हणते. मुलीने घर सोडलेलं आईला चालणार नाही."

"मला तर विचारलंसुद्धा नाही कार्टीने!"

"कशी विचारेल? ती गेली तर तुझ्या दुकानात बोलणार कोण?"

बाईला रडू आलं, रागही आला, आणि कोणाचा ते कळेना.

दोन दिवस तिने नर्सताईकडून एकच वाक्य घोकून घेतलं. शुक्रवारी दुकानाला कुलूप ठोकून एकटीच शाळेत गेली. तिला पाहून लेक वर्गातून धावत आली. "आई, काय झालं? थांब, मी सांगते त्यांना."

"तू गप्प बस."

बाईने मास्तरीणबाईंसमोर कागदासाठी हात पुढे केला आणि त्यांच्या भाषेत, अडखळत म्हणाली, "मी हिची आई. मी हो म्हणते."