वैशालीचं शेवाळ आणि मी बोललेलं एक वाक्य

वैशाली बुडाली, त्याच्या महिनाभर आधी मी तिच्याबद्दल खोटं बोलले होते.

इतकी वर्षं कुठे लिहिलं नाही. आज तिचा स्मृतिदिन.

वैशाली चामटोलीची. वडील अंबरनाथला केमिकल कंपनीत ऑपरेटर. घरातली पहिली एमएस्सी, मग पीएचडी. मी उल्हासनगरची. दोघी एकाच लॅबमध्ये. तेव्हा रिझल्ट सीडीवर घेऊन फिरायचो.

तिचा विषय होता बाहेरून आलेलं एक हिरवं समुद्री शेवाळ. किनाऱ्या-किनाऱ्याने पसरत चाललेलं, खडकावरचं बाकी काही जगू न देणारं.

वेगवेगळ्या ठिकाणची सॅम्पल आणून ती डीएनए काढायची.

आणि प्रत्येक किनाऱ्याचा डीएनए सेम यायचा. अगदी सेम.

"अगं, ही वेगवेगळी नाहीतच," ती मला म्हणाली. "एकच आहे. तुकडा तुटतो, बोटीला नाहीतर जाळ्याला चिकटून पुढे जातो, तिथे परत वाढतो."

आमच्या गाईड सरांना पटलं नाही. "इतकं सेम येतं का कधी? एकाच बाटलीतलं सगळ्या सॅम्पलमध्ये गेलंय."

मग माझ्याकडे वळले. "तू बाजूच्याच टेबलावर असतेस. तुला काय वाटतं?"

तिचं काम मी रोज बघत होते. तिच्याइतकं स्वच्छ काम लॅबमध्ये कुणाचंच नव्हतं.

पण माझा थिसिस सरांच्या सहीसाठी अडकला होता.

"मिक्स झालं असेल, सर."

वैशालीने फक्त माझ्याकडे बघितलं.

सगळी सॅम्पल परत आणायची ठरली. एरवी आम्ही दोघी जायचो. एकीने खडकांवर उतरायचं, दुसरीने लाटांवर लक्ष ठेवायचं.

या वेळी तिने मला विचारलं नाही. मीही 'येते' म्हटलं नाही.

शेवटच्या किनाऱ्यावर, भरती लागताना, लाटेने तिला खडकावरून ओढून नेलं. दुसऱ्या दिवशी सापडली.

तिची सॅक वर कोरड्या वाळूत होती. आत बाटल्या, नीट लेबल लावलेल्या. बाकी किनाऱ्यांच्या तिने आधीच लॅबमध्ये ठेवल्या होत्या.

त्या सगळ्या सॅम्पलचा डीएनए मी काढून बघितला. दोनदा.

सगळी सेम.

तशीच चामटोलीला गेले. तिच्या वडिलांनी, काकांनी, दारातच विचारलं, "पोरीचं काय चुकलं होतं का गं?"

"नाही काका. तिचं बरोबर होतं. मला तेव्हाही माहीत होतं. मी सरांना खोटं सांगितलं."



काका म्हणाले, "हे ती असताना बोलायचं होतंस, बाळा."

आज सगळ्यांसमोर बोलतेय, वैशू.

जय भीम.