उपाशीपोटी हॅमरहेड

मी मूळचा नागपूरचा, राहायला टेक्सासमधल्या फ्रिस्कोत. पाण्याशी संबंध आंघोळीपुरता. पण डिपेंडंट व्हिसावर नोकरी करता येत नाही म्हणून माझ्या बायकोनं, वैदेहीनं, स्कूबा शिकायला घेतलं आणि मलाही ओढलं. टेक्सासच्या किनाऱ्यापासून शंभरेक मैलांवर समुद्राखाली डोंगर आहेत. हिवाळ्यात तिथे हातोड्यासारख्या डोक्याचे हॅमरहेड शार्क येतात. एप्रिलमध्ये आम्ही कायमचे पुण्याला परतणार होतो, त्यामुळे २००६चा हा हिवाळा शेवटचा. तिकडे जाणाऱ्या बोटीवर जागा मिळाली ती नेमकी महाशिवरात्रीच्या वीकएंडला.

वैदेही दहा वर्षांची असल्यापासून आईबरोबर हा उपास करते. अमेरिकेत आल्यावर, आई पुण्यात असूनही, तो चुकला नव्हता. “तेवढा एक दिवस आम्ही दोघी एकत्र जेवतो,” असं ती म्हणायची.

शनिवारी ह्यूस्टनमार्गे फ्रीपोर्ट बंदरावर पोचलो. बोट संध्याकाळी सुटते. झोपायला बंक, जेवण आणि पाठीवरच्या हवेच्या टाक्या तिकिटातच. मळमळीची गोळी तासभर आधी घ्या. खिचडी टिकणार नाही म्हणून उपासाला आम्ही दोन डझन केळी नेली होती. कॅप्टननं ती धक्क्यावरच अडवली. आपल्याकडे मांजर आडवं जातं, तसा यांच्यात बोटीवर केळं म्हणजे अपशकुन. केळी गाडीत राहिली.

सकाळी बोट भलतीच डुलत होती. वैदेहीनं काळ्या चहावर पहिली डाइव्ह केली. प्रवाळ सुरेख, शार्क एकही नाही. वर येताना तिला बोटीची शिडी धड चढता येईना. डाइव्हमास्टर बाईंनी शांतपणे सांगितलं, खाल्लं नाही तर पुन्हा पाण्यात जायचं नाही. मला मनातून त्यांचं पटलं. न्याहारीला बटाटे होते, पण बेकनबरोबर, म्हणजे डुकराच्या मांसाबरोबर, परतलेले.

वैदेही बराच वेळ पाण्याकडे बघत बसली. हा निर्णय माझा नव्हताच. मग तिनं दोन टोस्टना जॅम लावला आणि डोळे पुसत खाल्ले.

दुसऱ्या डाइव्हला ते आले. निळ्या पाण्यातून वीसेक हॅमरहेड, सावकाश, आमची दखलही न घेता. मला भीती वाटायला हवी होती, पण फार शांत वाटलं. वैदेहीनं माझा हात घट्ट धरला होता.

घरी पोचल्यावर पाठ दोन दिवस दुखली. खारट वासाचे कपडे धुतले, फोटो धूसर निघाले. मनात राहिला तो वैदेहीचा पुण्याचा फोन. स्पीकरवर ती म्हणाली, “आई, या वेळी मी उपास मोडला. शार्क बघायला.”

पलीकडून आई म्हणाल्या, “पोटभर बघितलेस ना?”