शिवणबाई हात आवरायला शिकल्या

मोठ्या माणसांच्या त्या संध्याकाळच्या शाळेत शिवणवर्ग सगळ्यात वरच्या मजल्यावर होता. खाली हिशेब शिकवत, मधल्या मजल्यावर लिहिणं-वाचणं, आणि जिना संपला की मशिनांचा खडखडाट. दिवसा त्याच खोलीत लहान मुलांची शाळा भरायची, त्यामुळे बाकं बुटकी होती आणि फळ्याच्या कोपऱ्यात रोज कुणीतरी पाढे तसेच ठेवून गेलेलं असायचं. त्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली माणसं मात्र संसाराचे चटके खाल्लेली. कारखाना बंद पडल्यावर घरी बसलेल्या दोघी बहिणी होत्या, नवरा गेलेली एक तरुण बाई होती, आणि ट्रक चालवून पाठ कामातून गेलेला एक ड्रायव्हर होता. त्याला सगळे काका म्हणायचे. पहिल्याच दिवशी पायमशिनीला गोल फेरी मारून त्यानं विचारलं होतं, "हिला ब्रेक कुठे असतो?"

शिकवणाऱ्या बाईंचं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. त्या शिवणबाई. आई लवकर गेली, तेव्हा मावशीनं वाढवलं आणि मावशीनंच शिवण शिकवलं. टीप वाकडी गेली की टेपचा फटका बोटांवर. पुढे कपड्यांच्या कारखान्यात त्यांनी वर्षानुवर्षं फक्त कॉलरी शिवल्या. हाताला जणू डोळे फुटले. कारखाना सोडल्यावर या शाळेनं बोलावलं, तेव्हा शिकवायचं कसं हे ना त्यांनी विचारलं, ना कुणी सांगितलं. शिवता येतं म्हणजे शिकवता येतं, असं सगळेच धरून चालले होते.

बाईंची रीत साधी होती. कुणाची टीप भरकटली, कुणाच्या मुंढ्याला, बाही जोडतात तिथं, चुण्या पडल्या, की त्या म्हणायच्या, "आण इकडे." कापड त्यांच्या हातात जायचं, मशीन दोनदा गुरगुरायची, आणि बाही जिथं बसायला हवी तिथं मुकाट बसायची. समोरचा माणूस थक्क होऊन बघत राही. वर्ष संपताना सगळ्यांचे नमुने भिंतीवरच्या दोरीला टांगले जात. एकही चुणी नाही, एकही धागा लोंबत नाही. येणारे-जाणारे तोंडभर कौतुक करायचे. तो हात कुणाचा आहे हे बाईंना दिसायचंच, पण लेकराला भरवताना घास कुणाच्या हातचा याचा हिशेब आई ठेवते का, असं त्यांना वाटे.

मग वरून हुकूम आला. मोठ्या माणसांना शिकवणाऱ्या प्रत्येकानं शिकवण्याचं प्रशिक्षण पुरं करायचं, नाहीतर वर्ग बंद. बाई चिडल्या. केस पिकल्यावर आता पाटी-पेन्सिल घेऊन बसायचं का, असं त्या शेजारच्या वहिनींना ऐकवून आल्या. तरी वर्ग जायला नको म्हणून गेल्या. शिकवणाऱ्या मॅडम त्यांच्या लेकीपेक्षा थोड्याच मोठ्या होत्या, बारीक अंगाच्या, हळू बोलणाऱ्या. मोठा माणूस वर्गात येतो तो रिकाम्या हातांनी येत नाही, चारचौघांत चुकण्याची लाज घेऊन येतो, असं काहीबाही त्या सांगत. बाईंनी ते एका कानानं ऐकलं आणि दुसऱ्यानं सोडून दिलं.

प्रशिक्षणाचाच भाग म्हणून मॅडम एका संध्याकाळी बाईंच्या वर्गात येऊन मागच्या बाकावर बसल्या. बाईंनी त्या दिवशी अगदी जीव ओतला. सगळे गेल्यावर मॅडम दोरीवरचे नमुने बघत उभ्या राहिल्या.

"यातलं काकांचं कुठलं?"

बाईंनी निळ्या रेघांचा शर्ट काढून अभिमानानं पुढे केला. मॅडमनी तो उलटा करून आतली शिवण पाहिली.

"आणि काकांनी शिवलेलं कुठलं?"

बाईंनी शर्ट परत दोरीला टांगला. मॅडम हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. पुढचा वर्ग हात मागे बांधून घ्या, एवढंच म्हणाल्या. बोला, दाखवा, विचारा, पण कुणाच्या कापडाला हात लावू नका.

बाईंच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की घरी येईपर्यंत त्या स्वतःशीच बडबडत होत्या.

घरी त्यांचे यजमान होते. उभा जन्म कारखान्यात लेथ मशीनवर काम केलेला माणूस. काही वर्षांपूर्वी त्यांच्या अंगावरून वारं गेलं आणि उजवी बाजू लुळी पडली. बोलणंही अडखळलं, एकेक शब्द विहिरीतून काढावा तसा यायचा. बाईंनी त्यांना तळहातावरच्या फोडासारखं जपलं होतं. आंघोळ त्या घालत, बटणं त्या लावत, घास त्या भरवत. कुणी भेटायला येऊन "कसं काय?" विचारलं, की उत्तरही त्याच देऊन टाकत.

त्या संध्याकाळी भरवता भरवता त्यांनी मॅडमचा उद्धार चालवला होता. कालची पोर, हातात कधी सुई धरली नसेल, आणि मला सांगते हात बांध. यजमान बराच वेळ ऐकत होते. मग त्यांनी डाव्या हातानं चमचा बाजूला सारला.

"खरं... बोलली ती."

बाईंनी चमचा ताटात ठेवला.

"मला पण," ते म्हणाले, आणि पुढचा शब्द येईपर्यंत त्यांच्या कपाळाची शीर तटतटली. "मला पण... करू देत नाहीस."

"अहो, सांडतं तुमच्याकडून."

"सांडू दे."

एवढंच. पण लग्नानंतर इतक्या वर्षांत ते बायकोला असं कधी तोडून बोलले नव्हते. बाईंनी चमचा त्यांच्या डाव्या हातात दिला आणि स्वतःचे हात मांडीखाली दाबून बसल्या. अर्धं जेवण सदऱ्यावर सांडलं. बाकीचं अर्धं ते स्वतः जेवले.

पुढच्या वर्गात बाईंनी टेपनं स्वतःची मनगटं मागे बांधून घेतली. वर्ग हसला. दोघी बहिणींना वाटलं, बाईंना कुणीतरी पकडून आणलंय. पण काकांनी बाही उलटी जोडली, तेव्हा कुणी हसलं नाही. पूर्वी बाईंनी कापड केव्हाच ओढून घेतलं असतं. आता त्या नुसत्या शेजारी उभ्या राहिल्या आणि बाहीचा पुढचा भाग कुठला, हे कशावरून ओळखता, असं विचारलं. काकांनी बाही अंगाला लावून पाहिली, काढली, पुन्हा लावली. मग उसवली. दुसऱ्यांदा चुकली, पुन्हा उसवली. गडी घामाघूम झाला. बाईंचे तळहात खाजत होते. बाही बसली तेव्हा ती काही देखणी नव्हती, काखेत चुण्या होत्या. काकांनी ती उजेडासमोर धरली आणि खालच्या आवाजात म्हणाले, "ही मी लावली."

त्यानंतर बाई प्रशिक्षणाला कान देऊन बसायला लागल्या. विचारायचं कसं, थांबायचं किती, चुकलेल्या माणसाकडे न बघता त्याच्याजवळ कसं राहायचं, हे सगळं त्या शिकल्या. घरीही बदल झाला. यजमान डाव्या हातानं बटणं लावायला लागले. त्यात अर्धी सकाळ जायची, बाई तोवर भांडी घासत पाठमोऱ्या राहायच्या. पाहुण्यांना ते स्वतः उत्तर द्यायचे, आणि पाहुणे थांबायला शिकले. भिंत धरून ते घरात चालायलाही लागले. मग एक दिवस ते म्हणाले की, बाई बाहेर गेल्या की शेजारच्या वहिनी राखणीला येऊन बसतात, ते आता नको. मी काय तान्हं मूल आहे? बाईंचा जीव टांगणीला लागला, पण त्यांनी वहिनींना सांगितलं, येऊ नका.

त्या दुपारी बाई अस्तर आणायला बाजारात गेल्या होत्या. परत आल्या तर जिन्यात माणसं गोळा झाली होती. यजमान खालच्या वळणावर पडले होते. डोक्याला मार होता. दवाखान्यात ते काही दिवस होते, पण शुद्धीवर आले नाहीत.

लेक परगावी असायची, ती धावत आली. बापावर तिचा फार जीव. दिवसकार्य आटोपून पाहुणे पांगल्यावर तिनं विचारलं, "वहिनींना नको कुणी सांगितलं?"

"मी."

"आई, तू त्यांना एकटं सोडलंस. असलं काय शिकत होतीस तिथं?"

बाई उठून भांडी आवरायला लागल्या. लेक दुसऱ्या दिवशी निघून गेली, आणि तिचे फोन बंद झाले. बाई शाळेत जायच्या थांबल्या. मशीनवर चादर टाकली. दुपारभर त्या जिन्याच्या कठड्याकडे बघत दारात बसायच्या. वहिनी जेवण आणून ठेवायच्या, ते बरेचदा तसंच परत जायचं.

मॅडम भेटायला आल्या त्या एका अशाच दुपारी. नेहमीचं सांत्वन त्यांनी केलं नाही, बाईंच्या शेजारी उंबऱ्यावर बसल्या. बाईच आधी बोलल्या.

"तुम्ही शिकवलं ते मी घरी आणलं. ते चुकलं का माझं?"

मॅडमनी लगेच उत्तर दिलं असतं, तर बाईंनी त्यांना उठवून लावलं असतं. मॅडम कितीतरी वेळ खाली फरशीकडे बघत होत्या.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "वर्गात चुकलं तर उसवता येतं. हे मी कुणालाच कधी सांगितलं नाही, की बाहेर तसं नसतं. सांगायला हवं होतं."

मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि बाईंनीच उठून त्यांना पाणी दिलं. कितीतरी दिवसांनी बाईंनी कुणासाठी काही केलं होतं. त्यांनी चहाही ठेवला.

जाताना मॅडम म्हणाल्या, वर्ग चालू आहे. बाईंना वाटलं, दुसरी कुणी बाई नेमली असणार. पण दुसऱ्या संध्याकाळी पायांनी आपणहून वाट धरली. जिना चढताना मशिनांचा आवाज ऐकू येत होता. दारातून पाहिलं तर शिकवणारं कुणीच नव्हतं. काका नवीन आलेल्या एका माणसाच्या शेजारी उभे होते. त्या माणसाची बाही उलटी लागली होती, आणि काकांनी दोन्ही हात पँटच्या खिशात कोंबले होते.

"अंगाला लावून बघ की," काका म्हणत होते. "कुठं जायचंय आपल्याला? घाटात गाडी अशीच चढते."

बाईंना बघून सगळे उठले. त्यांनी बसा म्हणून खूण केली. मग त्या मागच्या बुटक्या बाकावर जाऊन बसल्या आणि पदर तोंडाशी धरून रडल्या. कुणी कामावरून मान वर केली नाही. ते बाईंना बरं वाटलं.

लेकीचा फोन आला तो बऱ्याच महिन्यांनी. इकडचं तिकडचं झालं. मग ती एकदम म्हणाली, "त्या दिवशी बाबा जिन्यात कशाला गेले होते?"

हे तिनं आधी विचारलंच नव्हतं. बाईंनी सांगितलं. खालच्या दुकानापाशी त्यांचे लेथवरचे जुने सोबती दुपारचे गप्पा मारत बसतात. आजारी पडल्यापासून ते तिथं गेले नव्हते, कुणी दोघांनी उचलून नेलेलं त्यांना चालायचं नाही. त्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा सदरा काढून घातला होता. केस विंचरले होते. बूटही घातले होते.

"कुणी घातले?"

"त्यांनीच."

पलीकडे लेक रडत होती. बाईंनी तिला रडू दिलं. नेहमीसारखं उगी उगी म्हटलं नाही.

माफ केलं, असं लेक कधी म्हणाली नाही. पण सुटीत यायला लागली, आल्यावर दोन दिवस राहायला लागली. कधी बोलता बोलता ती अजून तुटक होते, आणि बाई ते सोसतात. दोष आपला होता की नव्हता, याचा निवाडा त्यांनी सोडून दिला आहे. तो होणारा नाही, एवढं त्यांना कळलं आहे.

प्रशिक्षण त्यांनी पुरं केलं. पुढे मॅडमनीच त्यांना नव्या शिक्षकांचे वर्ग बघायला पाठवायला सुरुवात केली. आता त्या गवंडीकामाच्या वर्गाला जातात, मोटार-दुरुस्तीच्या जातात, स्वयंपाकाच्याही जातात. त्या कामांतलं त्यांना ओ की ठो कळत नाही. मागे बसून त्या माणसं बघतात. नवे शिक्षक हमखास विचारतात, शिकणाऱ्याला कुठवर एकटं सोडायचं आणि मदतीला कधी जायचं. पुस्तकात याचं उत्तर दिलेलं आहे, आणि बाईंना ते पाठही आहे. पण त्या ते सांगत नाहीत. मला पक्कं ठाऊक नाही, असं म्हणतात, आणि त्या शिक्षकाला आपल्या शेजारी बसवून घेतात. मग दोघं मिळून समोरच्या माणसाकडे बघत राहतात.