सोललेले ग्रीक वाल

दोन हजार चार साली अमेरिकेतल्या कॅरी गावात आमच्या खालच्या मजल्यावर सत्तरीच्या एक ग्रीक बाई राहायच्या. मी त्यांना ग्रीक काकू म्हणायचे. मुलाने त्यांना नवा स्लो कुकर घेऊन दिला, तेव्हा जुना त्यांनी मला दिला आणि त्यात करायचे चार ग्रीक पदार्थही शिकवले. सकाळी सगळं त्यात ढकलायचं आणि संध्याकाळी ऑफिसमधून आलं की जेवायचं. माझ्यासारख्या आळशी बाईला देवच पावला होता.

सासरे गेल्यानंतर पाच महिन्यांनी सासूबाई आमच्याकडे आल्या. राहणार होत्या सहा महिने, पण तिसऱ्याच आठवड्यात म्हणाल्या, "माझं तिकीट बदला. इथे मला कामच काय आहे?" भारतात परत गेल्या तर रिकाम्या घराचं कुलूप उघडून एकट्याच राहणार होत्या. नवऱ्याचा चेहरा उतरला. मलाही त्यांनी जाऊ नये असं फार वाटत होतं, पण ते तोंडावर सांगण्याइतकी आमची सलगी नव्हती. पुढच्या सोमवारी तिकिटाच्या एजंटला फोन करायचं ठरलं.

स्लो कुकरशी तर त्यांचं पहिल्या दिवसापासून वाकडं होतं. स्लो म्हणजे मंद, हे कळल्यावर म्हणाल्या, "नावातच मंद, मग त्याच्याकडून काय अपेक्षा करायची?" तरी दुपारभर त्याच्यासमोर खुर्ची टाकून शिट्टीची वाट बघत बसल्या. शिट्टी काही होईना, म्हणून दर दहा मिनिटांनी झाकण उचलून बघितलं. रात्री आम्ही कच्चे चणे खाल्ले.

त्याच आठवड्यात बुधवारी ग्रीक काकूंनी त्यांच्या गावाकडचे अंगठ्याएवढे पांढरे वाल दिले आणि शनिवारी संध्याकाळी जेवायला येते म्हणाल्या. मी सासूबाईंना एवढंच सांगितलं, "जरा भिजत घाला."

शनिवारी सकाळी उठून बघते तर सासूबाई टेबलाशी बसलेल्या. वाल भिजवून, फडक्यात बांधून, मोड आणून झाले होते, आणि आता त्या एकेक वाल सोलत होत्या. शेजारी सालांचा ढीग.

"अहो, ग्रीक लोक सालासकट खातात!"

"खात असतील बिचारे. कोणी शिकवलं नसेल."

मी कपाळाला हात लावला. वाल उकळून घेतले, मग टोमॅटो, कांदा आणि शेपू घालून कुकरमध्ये चढवले. साल नसल्यामुळे संध्याकाळपर्यंत निम्म्यांचं पिठलं झालं होतं.

ग्रीक काकूंनी चमच्याने ताटलीत वाल शोधले. मग हळूच विचारलं, "सालं कुठे गेली?" मी झाला प्रकार सांगितला. त्या हसतील असं मला वाटलं होतं.

"एवढे सगळे? एकेक करून? कोणासाठी?"

मी मराठीत विचारलं. सासूबाई ताटलीकडे बघत म्हणाल्या, "ह्यांना साल चालायचं नाही. चाळीस वर्षं सोलतेय. आज हात आपले चालत राहिले. कोणासाठी सोलतेय, ते निम्मे सोलून झाल्यावर लक्षात आलं."

आल्यापासून त्यांनी सासऱ्यांचा विषय एकदाही काढला नव्हता. नवरा पाणी आणायला म्हणून उठला तो बराच वेळ आला नाही. मी ते इंग्रजीत सांगितलं. ग्रीक काकूंनी आणखी वाढून घेतलं.

त्या गेल्यावर मी भांडी घासत होते. सासूबाई शेजारी येऊन पुसायला लागल्या. दोन-तीन ताटल्या पुसून झाल्यावर त्यांनी विचारलं, "तुला गं? तुला चालतं का साल?"

मी लहानपणापासून वाल सालासकट खात आलेय. मला ते तसेच आवडतात.

"छे," मी म्हटलं, "अजिबात चालत नाही."

"मग राहायलाच हवं मला," त्या म्हणाल्या. "तुला काही ते सोलणं जमायचं नाही."