श्रवणयंत्रांचा बाजार

आमचे भावोजी पाणीमीटरच्या कार्यालयात कारकून. ब्लॉग लिहून पैसे कमवायचे हे त्यांनी दोन वर्षांपूर्वी ठरवलं, पण अजून एक ओळ लिहिलेली नाही. आधी बाजाराचा अभ्यास, असं त्यांचं म्हणणं. मांजरांवर लिहिणारे फार, विणकामावर त्याहून जास्त. शेवटी त्यांना श्रवणयंत्रं सापडली. माहिती शोधणारे भरपूर आणि लिहिणारे मोजकेच, म्हणून स्वारी खूश.

लोकांच्या अडचणी जाणून घ्यायला रजा टाकून ते श्रवणयंत्रांच्या दुकानात जाऊन बसले. मांडीवर अकरा प्रश्नांचा तक्ता. शेजारी एक निवृत्त शिक्षिका होत्या.

"यंत्र दिवसभर वापरता का?" भावोजी ओरडले.

"ओरडू नका, आत्ता घातलंय," बाई म्हणाल्या. "घरी मात्र काढून ठेवते."

"का बरं?"

"घरात सगळे बोलतात, पण माझ्याशी कोणी नाही. मग कशाला ऐकायचं?"

भावोजींनी मान डोलावली आणि तक्त्यात लिहिलं, 'बॅटरीची बचत.' बाई मुलासुनेबद्दल आणखी सांगू लागल्या, तेव्हा "तो प्रश्न यात नाही," म्हणत ते पुढच्या खुर्चीकडे सरकले.

घरी आल्यावर त्यांनी हे सगळं फुशारकीने सांगितलं. जेवण वाढता वाढता ताई थांबली.

"अहो, त्या बाईंचं ऐकलंत तरी का?"

"म्हणजे काय! सगळं लिहून घेतलंय."

ताई आत निघून गेली. भावोजींच्या मते या बाजारात दम आहे, फक्त आणखी चाळीस जणांना विचारायचं राहिलंय.